दोन रकाने, एकच धोका : हॅझर्ड आणि रिस्क यांच्या भाषांतराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रंग आणि थिनर बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना. तिथल्या सुरक्षा विभागाकडे एक तक्ता होता, त्याला सगळे ‘हिरा’ म्हणत. हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. हॅझर्ड आयडेंटिफिकेशन अँड रिस्क असेसमेंट या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. तक्त्यात रकाने असे : काम, हॅझर्ड, रिस्क, शक्यता, तीव्रता, गुण, उपाय. शक्यतेला १ ते ५, तीव्रतेला १ ते ५, दोन्हींचा गुणाकार म्हणजे गुण. ज्या ओळीला १५ किंवा त्याहून जास्त गुण पडतील तिच्यावर आधी काम करायचं, असा नियम.

आधी हा तक्ता सुरक्षा अधिकारी इंग्रजीत भरत. पुढे व्यवस्थापनाने ठरवलं की जो माणूस काम करतो त्यानेच तो भरावा. निर्णय योग्य होता. त्यासाठी तक्ता मराठीत हवा होता, आणि भाषांतराचं काम माझ्याकडे आलं.

मी ते तीन दिवसांत केलं. टेबलावर बसून, ईमेलवरून, कारखान्यात पाऊल न टाकता. हॅझर्डला ‘धोका’ आणि रिस्कला ‘संभाव्य धोका’ असे शब्द वापरले. तेव्हा हे मला चोख वाटलं होतं. शब्दकोशात दोन्ही इंग्रजी शब्दांपुढे ‘धोका’ सापडतोच, आणि ‘संभाव्य’ लावलं की फरकही दाखवल्यासारखं होतं. दीड वर्षांनी सुरक्षा अधिकाऱ्यांचा फोन आला : “मॅडम, एकदा येऊन जा. तक्ता भरलेला आहे, पण काही कामाचा नाही.”

अडचण

फोनच्या आधी एक घटना घडली होती. पिंपातलं थिनर प्लॅस्टिकच्या बादलीत ओतताना बादलीच्या तोंडाशी क्षणभर भडका उडाला. ओतणाऱ्याचा हातमोजा करपला, माणसाला इजा झाली नाही. चौकशीत साहजिकच या कामाची ओळ काढून पाहिली गेली. ती अशी होती :

काम : थिनर ओतणे. धोका : आग. संभाव्य धोका : आग लागू शकते. शक्यता २, तीव्रता ४, गुण ८. उपाय : अग्निशामक जवळ ठेवणे.

मी ही ओळ पुन्हा पुन्हा वाचली. एकही शब्द खोटा नव्हता, पण तिच्यात माहिती काहीच नव्हती. ‘आग’ हा परिणाम, तो हॅझर्डच्या रकान्यात बसला होता. त्यामुळे आग कशातून येईल हे लिहायला जागाच उरली नव्हती. थिनरची वाफ, ओतताना द्रवात आणि भांड्यावर साचणारी स्थिर वीज, प्लॅस्टिकची बादली, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. आणि उपाय कोणता सुचला? आग लागल्यानंतरचा. सुरुवात परिणामापासून केली की उपायही परिणामानंतरचेच सुचतात.

निम्म्याहून अधिक ओळींत दोन्ही रकाने एकमेकांची नक्कल होते. धोका : घसरणे, संभाव्य धोका : घसरू शकतो. धोका : शॉक, संभाव्य धोका : शॉक लागू शकतो. ‘संभाव्य’ शब्दामुळे लोकांना एवढंच कळलं होतं की इथे ‘शकतो’ लिहायचं. त्यांची यात काहीच चूक नव्हती. मी रकान्याचं जे नाव दिलं होतं, त्याप्रमाणे त्यांनी तो बरोबर भरला होता.

याच्या नेमकी उलटी चूकही तक्त्यात होती. कुलूपबंद गोदामात टोल्युइन या ज्वलनशील द्रवाची सीलबंद पिंपं नुसती उभी असतात, त्या ओळीला २० गुण : शक्यता ४, तीव्रता ५. का, तर “टोल्युइन आहे ना, फार डेंजर असतं.” म्हणजे शक्यतेच्या रकान्यातही लोकांनी पदार्थ किती वाईट याचेच गुण दिले होते. आणि तेच टोल्युइन असलेलं थिनर रोज उघड्यावर ओतलं जातं, त्याला ८. सवयीचं काम म्हणून. थोडक्यात, न हलणाऱ्या पिंपांसाठी बैठका झाल्या आणि रोजच्या ओतण्याकडे कोणी पाहिलं नाही.

दोन शब्द नेमके कुठे वेगळे होतात

व्यवस्थापकांचा पहिला प्रश्न रास्त होता : “इंग्रजीतसुद्धा लोक हे दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात. मग आपणच एवढा कीस का काढायचा?”

रोजच्या इंग्रजीत सरमिसळ होते, हे खरं. पण वाक्यात घालून पाहिलं की दोन्ही शब्दांचे स्वभाव वेगळे दिसतात. रिस्क ‘घेता’ येते, हॅझर्ड घेता येत नाही. रिस्क कमी-जास्त होते, मोजली जाते, कोणाला तरी असते. हॅझर्ड कुठे तरी असतो, दिसतो किंवा दिसत नाही, हटवता येतो. जिन्यावर आडवी टाकलेली वायर हा हॅझर्ड. तिच्यात पाय अडकून कोणी पडण्याची शक्यता आणि पडल्यास किती लागेल, हे दोन्ही मिळून रिस्क. त्या जिन्यावरून दिवसाला दोनशे माणसं जातात की महिन्यातून एक, यावर रिस्क बदलते. वायर मात्र तीच आणि तिथेच राहते.

आयएसओ ४५००१ या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेबद्दलच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मानकात हॅझर्ड म्हणजे इजा किंवा आजार घडवण्याची क्षमता असलेला स्रोत. त्याच मानकातली कामाच्या ठिकाणची रिस्क म्हणजे घातक घटना किंवा संपर्क घडण्याची शक्यता आणि त्यातून होणाऱ्या इजेची तीव्रता यांचं एकत्रित माप. तक्त्यातले दोन आकडे इथूनच येतात. रसायनाच्या सोळा विभागांच्या सुरक्षा माहितीपत्रकातही दुसरा विभाग हॅझर्डचा असतो. टोल्युइनचा ज्वलनबिंदू सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला त्याची वाफ पेट घेण्याइतकी असते, हे त्यावरून कळतं. पण तुम्ही ते कसं, किती आणि कशात ओतता हे पत्रकाला माहीत नसतं. म्हणून पत्रक हॅझर्ड सांगतं. रिस्क जागेवर जाऊन पाहावी लागते.

व्यवस्थापकांना मात्र पटलं ते एका बातमीच्या उदाहरणाने. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू आहे. लगेच जगभर मथळे झळकले की हे मांस सिगारेटइतकंच वाईट. पण ही संस्था गट पाडते ते हॅझर्डचे : अमुक गोष्टीने कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का आहे, एवढंच गट सांगतो. किती लोकांना होईल हे त्यातून कळत नाही. संस्थेने आकडा वेगळा दिला होता : रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची रिस्क सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाची रिस्क कित्येक पटींनी वाढते. गट एक असला तरी या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुलै २०२३ मध्ये अस्पार्टेम या कृत्रिम गोडीबाबत तर दोन्ही शब्द एकाच दिवशी शेजारी आले. कर्करोग संस्थेने त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब गटात ठेवलं. त्याच वेळी अन्नातल्या मिश्रकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तशीच ठेवली : शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला साखरविरहित पेयाचे ९ ते १४ डबे प्यावे लागतील. लोक म्हणाले, या दोघांचं आपापसात पटत नाही. खरं तर दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे होते. व्यवस्थापक थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे आमचं गोदाम आणि आमचं ओतणं.” मला हवा होता तो मुद्दा त्यांनीच मांडला.

एक गंमत इथे सांगून टाकते. जुन्या इंग्रजीत हॅझर्ड हा फाशांच्या एका जुगाराचं नाव होता, आणि फ्रेंचमध्ये त्याच्या सख्ख्या भावंडाचा अर्थ आजही ‘योगायोग’ असाच आहे. म्हणजे ज्या शब्दाला आज आपण शक्यतेपासून दूर ठेवायला धडपडतो, तो मुळात शक्यतेचाच शब्द. सतराव्या शतकात रिस्क इंग्रजीत आला आणि तांत्रिक भाषेत पुढे हिशेबाची बाजू त्याच्याकडे गेली. संख्याशास्त्रात तर ‘हॅझर्ड रेशो’मधला हॅझर्ड अजूनही दर दाखवतो, स्रोत नाही. त्यामुळे हे अर्थ शब्दांना जन्मजात चिकटलेले आहेत असं कोणी सांगू लागलं तर मान डोलवू नये. ते एका क्षेत्राने ठरवून घेतलेले आहेत. मराठीतही आपल्याला तेच करायचं होतं.

पर्याय

सुरक्षा अधिकारी, दोन पर्यवेक्षक, तीन ऑपरेटर आणि मी असे बसलो.

पहिला पर्याय, इंग्रजी शब्द देवनागरीत तसेच ठेवायचे. ‘रिस्क’ आता मराठीच झाला आहे. पण कोणत्या अर्थाने? “रिस्क घेतली” म्हणजे धाडस केलं. एका तरुण ऑपरेटरने रिस्कच्या रकान्यात काय लिहाल यावर पटकन सांगितलं, “मी काही रिस्क घेत नाही, सगळं नियमाने करतो.” रकाना कोरा राहिला असता. हॅझर्ड हा शब्द गाडीच्या हॅझर्ड लाइटपलीकडे कोणाला माहीत नव्हता.

दुसरा, ‘धोका’ आणि ‘जोखीम’. कागदावर हीच जोडी सगळ्यात स्वच्छ दिसते. अडचण अशी की आपला ‘धोका’ दोन्ही कामं करतो. विजेच्या खांबावरच्या कवटीच्या पाटीवर ‘धोका’ लिहिलेलं असतं, तो हॅझर्ड. ‘पुराचा धोका वाढला’ म्हणतो तेव्हा ती रिस्क. ‘धोका पत्करला’ आणि ‘जोखीम पत्करली’ यात बोलणाऱ्याला फरक जाणवत नाही. शिवाय जोखमीचा आणखी एक जुना अर्थ आहे : सांभाळायची मौल्यवान वस्तू. वयाने मोठे असलेले एक ऑपरेटर काका म्हणाले, “अंगावर जोखीम घेऊन प्रवास करू नये म्हणतात, ती दागिन्यांची. इथे कसली जोखीम?” सगळे हसले. मी मात्र वहीत लिहून घेतलं, कारण शब्दाची ही सावली मला टेबलावर बसून कधी दिसली नसती.

तिसरा, हॅझर्डसाठी ‘घातक’ किंवा ‘अपायकारक घटक’. पर्यवेक्षकांना आवडला, ऑपरेटरांना नाही. ‘घटक’ म्हटलं की रसायनच डोळ्यांसमोर येतं. उंची, आवाज, फिरणारा पट्टा यांना कोणी घटक म्हणत नाही.

चौथा माझा स्वतःचा, आणि मी त्याच्या प्रेमात होते : ‘धोक्याचं मूळ’. सगळ्यांना पटला. तोच घेतला.

काय केलं

एका पाळीत दहा ओळी भरून पाहायच्या ठरल्या. पहिल्याच तासात माझं प्रेम उतरलं. ‘धोक्याचं मूळ’ या रकान्यात एकामागून एक लिहून आलं : निष्काळजीपणा. घाई. लक्ष नसणे. हेल्मेट न घालणे. विचारलं तर उत्तर आलं, “मूळ शोधत गेलं की शेवटी माणूसच सापडतो ना, मॅडम.” मूळ म्हणजे कारण, हे मराठी वाचकाच्या डोक्यात इतकं घट्ट आहे की स्रोताकडे नजर वळतच नाही. ‘मूळ’ शब्दाने थिनर बाजूला राहिलं आणि कामगारच दोषी ठरला. पहिल्या भाषांतरात नुसती माहिती हरवली होती. इथे भलत्याच माणसावर ठपका येत होता, म्हणजे चूक आणखी मोठी.

यात जुन्या सवयीचाही हात होता. आयएसओ ४५००१ च्या आधी जे ओएचएसएएस १८००१ वापरात होतं, त्याच्या २००७ च्या व्याख्येत हॅझर्ड म्हणजे ‘स्रोत, परिस्थिती किंवा कृती’ असं होतं. ‘कृती’ नव्या व्याख्येत राहिली नाही. पर्यवेक्षकांचं प्रशिक्षण जुन्या व्याख्येवर झालेलं, म्हणून ‘हेल्मेट न घालणे’ त्यांना खटकलंच नाही.

निर्णयाची खरी जागा ही होती. आणखी एक शब्द शोधायचा की शब्दाचा नाद सोडायचा? आम्ही नाद अर्धा सोडला. मथळ्यात ‘धोका’ आणि ‘जोखीम’ ठेवले, कारण तपासनिसांना शब्द लागतो. पण दोन्हींच्या खाली, मथळ्याहून मोठ्या अक्षरात, प्रश्न छापले.

धोका : इथे इजा करू शकेल असं काय आहे?
जोखीम : त्यामुळे कोणाला काय होईल, आणि ते होण्याची शक्यता किती?

सोबत व्याकरणाचा एक नियम केला. पहिल्या रकान्यात फक्त नाम लिहायचं : वाफ, पट्टा, उंची, सांडलेलं तेल. दुसऱ्यात पूर्ण वाक्य, ‘मुळे’ने जोडलेलं. ‘घसरणे’, ‘जळणे’ अशी ‘णे’ने संपणारी रूपं पहिल्या रकान्यात आली की परत पाठवायची. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा नियम ढोबळ आहे (‘घसरणे’ हेही नामच की, असं एका पर्यवेक्षकांनी मला बरोबर ऐकवलं), पण कारखान्याच्या मजल्यावर तो चालला.

सगळ्यात उपयोगी कसोटी त्याच काकांनी दिली. “पाळी सुटल्यावर दिवे घालवून सगळे घरी गेले असं धरा. मागे जे उरतं तो धोका. आपल्याबरोबर जी दारातून बाहेर पडते ती जोखीम.” सुरक्षा अधिकाऱ्यांनी हरकत घेतली की रात्री रिकाम्या कारखान्यालाही आग लागू शकते. हरकत खरी होती. पण माणसाला होणाऱ्या इजेपुरती कसोटी पक्की बसते, म्हणून ती ठेवली.

ओतण्याची ओळ पुन्हा भरली तेव्हा ती एकाच्या दोन ओळी झाली. धोका : थिनरची वाफ. धोका : ओतताना साचणारी स्थिर वीज. जोखीम : वाफेवर ठिणगी पडल्यामुळे ओतणाऱ्याचा चेहरा आणि हात भाजतील, रोज अनेकदा ओततो, वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचते. शक्यता ३, तीव्रता ५, गुण १५. गोदामाची ओळ शक्यता १, तीव्रता ५, गुण ५. आणि उपायांचा रकाना आपोआप बदलला : प्लॅस्टिकऐवजी धातूची बादली, पिंप आणि बादली तारेने एकमेकांना व जमिनीला जोडणे, ओतण्याऐवजी बंद पंप, जमिनीलगत हवा ओढणारा पंखा. अग्निशामक यादीत शेवटी गेला. हे उपाय कोणी मला विचारले नाहीत आणि मला येतही नव्हते. ते ऑपरेटरांना आधीपासून ठाऊक होते. जुन्या तक्त्याने त्यांना ते कधी विचारलंच नव्हतं.

काय झालं

दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हा नक्कल झालेल्या ओळी तुरळक उरल्या होत्या. धातूच्या बादल्या आणि जोडतारा लगेच आल्या, पंप यायला वेळ लागला. रात्रपाळीत ‘रिस्क’ हा शब्द अजूनही धाडसाच्या अर्थानेच फिरतो आणि तो तसाच फिरणार.

तपासनिसांनी एक आक्षेप काढला की मराठी मथळे इंग्रजी तक्त्याशी शब्दाला शब्द जुळत नाहीत. रकान्यांना क्रमांक देऊन तो मिटवला.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. दळण यंत्राजवळचा आवाज. धोका : आवाज, हे बरोबर लिहिलं गेलं. जोखमीच्या वाक्यातही ‘ऐकू कमी येईल’ आलं. पण शक्यता? सगळ्यांनी १ दिला, कारण “अजून कोणी बहिरं झालेलं नाही.” आमचा प्रश्न ‘होण्याची शक्यता किती’ असा होता, आणि तो एका क्षणात घडणाऱ्या अपघातासाठी बेतलेला होता. वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं होणारं नुकसान ‘होत’ असतं, ‘घडत’ नाही. इंग्रजी तक्त्यातही ही खोट आहेच, तिथे ती ‘एक्सपोजर’ (संपर्क) या शब्दाआड झाकली जाते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं भाषांतर मी कारखान्यात बसून करायला हवं होतं, निदान एक पाळी. पैसे तेवढेच मिळाले असते आणि दिवस एक वाढला असता. ‘मूळ’ची फजिती बघायला मला एक तासच लागला होता.

दुसरं, मी शब्दांची जोडी भाषांतरित केली, रकान्याचं काम नाही. हॅझर्डला मराठीत काय म्हणतात, हा माझा प्रश्न होता. तो असा असायला हवा होता : या रकान्यात कोणती गोष्ट लिहिली गेली तर पुढचा रकाना भरता येईल?

तिसरं, भडका उडण्याआधी कोणी तरी भरलेला तक्ता नुसता वाचला असता तरी पुरलं असतं. दोन रकान्यांतला मजकूर अदलाबदल करून वाचायचा. तरीही अर्थ लागत असेल तर तक्ता भरलेला नाही. ही तपासणी आता तिथल्या पर्यवेक्षकांच्या यादीत आहे.

आवाजाच्या ओळीसाठी सध्या शक्यतेच्या प्रश्नाखाली आणखी एक ओळ छापून पाहतो आहोत : ‘दिवसातून किती तास, आणि अशी किती वर्षं?’ पुढच्या महिन्यात त्या पाळीत बसायला जाणार आहे.